वडिलांना घेऊन स्वतःच्या गाडीने तीन आठवडे मध्य प्रदेश करायचा आहे : जंगलं आणि ऐतिहासिक ठिकाणं दोन्ही. पेंच, कान्हा, बांधवगड, पन्ना, सातपुडा, खजुराहो, ओरछा, ग्वाल्हेर, सांची, मांडू असं सगळं बसेल का?

बसेल, पण वडील नंतर महिनाभर तुमच्याशी बोलणार नाहीत.

आम्ही हीच यादी घेऊन बसलो होतो. मी, नवरा आणि माझे बाबा (वय ७१, बँकेतून निवृत्त, गुडघे कुरकुरणारे). जानेवारीत १९ दिवस, पुण्याहून निघून पुण्यात परत, सव्वातीन हजारांच्या आसपास किलोमीटर. निघण्याआधीच यादीतली दोन जंगलं मी कापली, तुम्हीही कापा. एका जंगलात दोन-तीन सफाऱ्या कराव्यात, पाच जंगलांत एकेक करू नये. पहाटे साडेचारला उठायचं, कडाक्याच्या थंडीत उघड्या जिप्सीत चार तास बसायचं आणि दुपारी सहा तास गाडी हाकायची, हे तिशीतल्या माणसालाही लागोपाठ दोनदा झेपत नाही.

आधी सफारीच्या तारखा पक्क्या करा, मग त्यांच्या मधे किल्ले-देवळं बसवा. उलटं केलंत तर फसाल. कोअर भागाची (जंगलाच्या आतल्या, कडक संरक्षित भागाची) परमिटं वनविभागाच्या संकेतस्थळावर काही महिने आधीच निघतात आणि नाताळ-जानेवारीतली भराभर संपतात. तिथल्या व्याघ्र प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी नसते, म्हणून बुधवार प्रवासाला ठेवा. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, कोअर बंदच. आणि परमिटवर जे ओळखपत्र नोंदवलं तेच गेटवर न्यायचं. मी बाबांचं आधार नोंदवलं आणि त्यांच्या खिशात निघालं पॅनकार्ड. अंधारात, गाड्यांची रांग मागे वाजत असताना, बॅगा उपसून ते आधार शोधलं. चूक सर्वस्वी माझी, पण बाबा अजून ऐकवतात.

आमचा मार्ग असा होता : समृद्धीने नागपूर, मग पेंच, कान्हा, जबलपूर, पन्ना-खजुराहो, ओरछा, ग्वाल्हेर, सांची, भीमबेटका, महेश्वर आणि धुळ्यावरून घरी. समृद्धीवर चढण्याआधी टायर आणि हवा नीट बघून घ्या. सरळ काँक्रीटवर तासन्‌तास एकाच वेगात चालवताना टायर तापतात आणि चालवणाऱ्याला पेंगही येते. नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंचजवळ महामार्ग उंच खांबांवर चढवलाय, खालून जनावरांना जायला वाट ठेवलीय. बाबांना ती बघायची होती, पण वरून जाताना काही दिसत नाही.

कान्ह्यात वाघ दिसला नाही. तीन सफाऱ्या केल्या, तरी नाही. पण दुसऱ्या सकाळी धुकं विरत असताना गवतात बारशिंग्यांचा कळप उभा होता. एका नराच्या शिंगांत उपटलेलं ओलं गवत अडकलेलं, जणू मुंडावळ्या बांधल्यात. कडक जमिनीवर राहणारा हा बारशिंगा १९७० मध्ये कान्ह्यात अवघा ६६ उरला होता. गावं हलवून कुरणं मोकळी केली, कुंपणात जपून पिल्लं वाढवली, तेव्हा कुठे जात तगली. आमचा गाइड म्हणाला, वाघ तर सगळीकडे आहे, हा फक्त आमचाच. तेव्हापासून बाबांनी वाघाचं नाव काढलं नाही.

पन्ना मात्र मी कापू देणार नाही. २००९ मध्ये इथे एकही वाघ उरला नव्हता. कान्हा-बांधवगडहून वाघिणी आणल्या आणि पेंचहून एक नर. तो नर काही दिवसांतच दक्षिणेकडे, पेंचच्या दिशेने चालू लागला. महिनाभर वनखात्याची माणसं हत्ती घेऊन त्याच्या मागे होती. शेवटी बेशुद्ध करून परत आणला आणि पुढे पन्न्याचे वाघ त्याच्याच वंशाने वाढले. आपण पेंचहून पन्न्याला दोन दिवस गाडीने आलेलो असतो, त्यामुळे ही गोष्ट केन नदीच्या काठी ऐकताना त्या वाघाचं अंतर पाठीला कळतं.

खजुराहोला दोन रात्री पुरतात. पश्चिमेकडची देवळं सकाळी दार उघडताच बघा. जोती उंच आहेत, पायऱ्याही उंच, वडिलांना एकेका देवळानंतर बसू द्या. ओरछाला जाताना छतरपूरच्या पुढे धुबेला लागतं, तिथे थांबाच. बुंदेला राजा छत्रसालांच्या वाड्यात संग्रहालय आहे. १७२९ मध्ये छत्रसालांना मुघल सरदार बंगशाच्या वेढ्यातून सोडवायला पहिला बाजीराव इथल्या मुलखात धावून आला होता. बुंदेलखंडात डिसेंबर-जानेवारीचं धुकं भयंकर असतं, सकाळी दहाच्या आत महामार्गाला लागू नका. ओरछाला रामराजाच्या देवळात संध्याकाळी पोलीस सलामी देतात, कारण इथे राम राजा आहे. बाकी ओरछात बेतवेच्या काठी काहीही न करता एक दिवस काढा.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यात सगळे मानमंदिर राजवाड्याची निळी नक्षी बघून परततात. पण पूर्वेच्या जुन्या चढावर चतुर्भुजाचं एक छोटं, खडकात कोरलेलं देऊळ आहे. इसवी सन ८७६ च्या तिथल्या शिलालेखात फुलबागेची एक बाजू २७० हात आणि रोजचे हार ५० असा हिशेब आहे आणि त्या आकड्यांत शून्य कोरलंय, आपण आज काढतो तसंच लहानसं गोल. राखणदाराने कुलूप काढून दिलं. जन्मभर खतावण्या तपासलेले बाबा चष्मा कपाळावर चढवून, भिंतीला नाक लावून ते शोधत होते. सापडल्यावर म्हणाले, "हिशेब बरोबर आहे." आख्ख्या सहलीतला त्यांचा सगळ्यात आवडता अर्धा तास तो.

सांची अर्ध्या दिवसात होते. भीमबेटक्याला ऊन चढायच्या आत जा. पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांना प्राचीन चित्रांचे हे खडक १९५७ मध्ये रेल्वेच्या खिडकीतून दिसले होते. तिथली वाट सोपी आहे, गुडघ्यांची तक्रार आली नाही. मांडू आम्ही सोडलं, चढउतार फार. त्याऐवजी महेश्वरला दोन रात्री राहून घाटावर बसलो.

शेवटच्या दिवशी सनावदच्या बाजूला वाकडी वाट करून रावेरखेडीला गेलो. पहिल्या बाजीरावाची समाधी, नर्मदेच्या अगदी काठावर. २८ एप्रिल १७४० ला तो इथेच गेला, छत्रसालांसाठीच्या त्या मोहिमेनंतर जेमतेम अकरा वर्षांनी. आम्ही तासभर होतो, दुसरं कुणी आलं नाही. शेवटचा रस्ता अरुंद आहे, अंधार पडायच्या आत बाहेर पडा.

हॉटेलं सफारीची परमिटं हातात आल्यावरच बुक करा. सफारीसाठी वडिलांना कानटोपी आणि जाड घोंगडी हवीच, जिप्सीत मिळतं ते पांघरूण पुरत नाही. निघायची तारीख ठरली की इथेच लिहा, बुधवार कुठे पडतात ते बघून दिवसांचा क्रम लावून देते.