महापालिका आणि सरकार प्रौढांसाठी कोर्स चालवतात, त्यातून खरंच नोकरी मिळते का?

नववीत शाळा सोडलेला, आता 27 वर्षांचा आणि पुण्यात डिलिव्हरी करणारा भाऊ अशा एखाद्या कोर्सला जावा का, की हातात नुसतं प्रमाणपत्र पडेल, असं तुम्ही विचारलं आहे. मी मुंबईत एका रात्रशाळेत शिकवते. माझ्या अनुभवात नोकरी मिळते, पण नुसता कोर्स चांगला असून भागत नाही. शिकणाऱ्याची रोजची कमाई बुडू नये याची सोय कुणी केली आहे, ते आधी बघा.

माझ्या वर्गातली मुलं दिवसभर कॅन्टीनमध्ये, कुरियरच्या कामावर किंवा दुकानात उभी असतात. संध्याकाळी वर्ग भरतो तेव्हा ती थेट कामावरून आलेली असतात आणि त्यांना भूक लागलेली असते. 2008 पासून मुंबईच्या रात्रशाळांबरोबर काम करणाऱ्या ‘मासूम’ संस्थेने पुस्तकांच्या जोडीला संध्याकाळच्या खाण्याचीही सोय केली. बाहेरच्याला हे किरकोळ वाटेल, पण रिकाम्या पोटी बीजगणित डोक्यात शिरत नाही आणि मग मूल हळूहळू यायचंच थांबतं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. अडचण तेव्हाही वेळेचीच होती.

तुमच्या पुण्यातला ‘लाइटहाउस’ हा तरुणांना कौशल्य शिकवून नोकरीला लावण्याचा उपक्रम मला म्हणूनच पटतो. पहिलं केंद्र 2016 मध्ये औंधला सुरू झालं. जागा महापालिकेची, पैसा बराचसा कंपन्यांच्या सीएसआरचा (समाजकार्यासाठी काढलेल्या निधीचा) आणि केंद्र चालवणारी सामाजिक संस्था, अशी ती रचना आहे. केंद्रं वस्त्यांच्या जवळ आहेत, त्यामुळे बसभाडं आणि जाण्यायेण्याचे तास वाचतात. तिथे आल्या आल्या कुणाला टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) किंवा नर्सिंग असिस्टंटच्या वर्गात बसवत नाहीत. आधी पायाभूत कोर्स असतो, त्यात स्वतःबद्दल बोलायला शिकवतात, आवड आणि कुवत समजून घेतात. मग कौशल्य आणि त्यानंतर नोकरीसाठी मदत. शाळेने एकदा ‘तुला जमणार नाही’ म्हणून बाहेर काढलेल्या माणसाला या पहिल्या टप्प्याची फार गरज असते.

सिंगापूरने हाच प्रश्न थेट पैशाने सोडवायला घेतला. ‘स्किल्सफ्यूचर’ ही तिथली सरकारी योजना 2015 मध्ये सुरू झाली आणि 25 वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक नागरिकाच्या नावावर शिकण्यासाठी 500 सिंगापूर डॉलर जमा झाले. 2024 मध्ये चाळिशीपुढच्यांना आणखी 4,000 मिळाले. मला मोलाचं वाटतं ते त्यापुढचं पाऊल: चाळिशीनंतर पूर्णवेळ निवडक कोर्स करणाऱ्याला 2025 पासून महिन्याला 3,000 डॉलरपर्यंत भत्ता मिळतो. म्हणजे फी तर भरलीच, पण बुडणारा पगारही धरला.

आपल्याकडे 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पासला महिना 6,000 रुपये विद्यावेतन ठेवलं होतं. विद्यावेतनाचा विचार योग्यच आहे, पण पहिली पायरीच बारावी. माझी मुलं तिथवर पोचतच नाहीत, आणि ज्यांना भत्त्याची सगळ्यांत जास्त गरज आहे ती हीच. याचा मला राग येतो.

तुमच्या भावासाठी मी दहावी आणि लाइटहाउस दोन्ही धरेन. दहावी सोडू नका, आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना ती लागते. शाळेत जाणं जमणार नसेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. साधारण जुलै-ऑगस्टपासून बोर्डाच्या सूचनांवर लक्ष ठेवा आणि शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच शोधून ठेवा, ऐन वेळी बहुतेकांचं तिथेच अडतं. लाइटहाउसच्या केंद्रात चौकशीला गेलात तर बॅचची वेळ त्याच्या डिलिव्हरीच्या वेळांशी जुळते का, मागच्या बॅचची मुलं कुठे आणि किती पगारावर लागली आणि सहा महिन्यांनी त्यांतली किती टिकली, हे स्पष्ट विचारा. शक्य असेल तर त्यांच्यातल्या एकाशी भावाचं बोलणं करून द्या.