सेवायात्रेसाठी मराठवाड्यात येताय? नाताळ सोडा, जूनमध्ये या

परदेशातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) मराठवाड्यातल्या सेवायात्रेचा बेत बहुधा नाताळच्या सुटीत आखतात. हवा छान असते, उपासनेला रंग चढतो. पण एचआयव्हीसह जगणाऱ्या सोळा ते एकवीस वयाच्या मुलामुलींना खरंच हातभार लावायचा असेल तर जून-जुलै बघा. दहावी-बारावीचे निकाल मे महिन्यात लागतात आणि पुढचे काही आठवडे आयटीआय, डिप्लोमा, नर्सिंगच्या प्रवेशांची धावपळ असते. दाखले, ऑनलाइन अर्ज, फीच्या तारखा. तेव्हा जवळ बसून फॉर्म भरणारं माणूस लागतं. डिसेंबरात मात्र बीड, धाराशिव, जालन्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला गेलेली असतात. टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुलाला सांभाळणारा काकाच फडावर असेल तर संमती कुणाची घेणार?

व्हिसाचं आधी उरका. भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्न नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं की सगळं चालतं, हा समज मात्र नडतो. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआयधारकाला मिशनरी कामासाठी विशेष परवानगी लागते. ती एफआरआरओ (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) किंवा भारतीय वकिलातीकडून मिळते. ई-टूरिस्ट व्हिसावर एक महिन्यापर्यंतचं, कुठलाही मोबदला नसलेलं स्वयंसेवी काम करता येतं, पण प्रवचन आणि पत्रकवाटप त्यात बसत नाही. म्हणून कामाची वाटणी सरळ ठेवा. शिकवणी, अर्ज आणि खेळ पाहुण्यांकडे, वचन आणि प्रार्थनासभा स्थानिक पाळकांकडे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं ते एकोणिसाव्या शतकात. इथल्या मंडळ्या जुन्या आहेत, शुभवर्तमान सांगायला ह्यूस्टनहून माणसं आणावी लागत नाहीत. सोबत डॉक्टर असतील आणि त्यांची भारतात नोंदणी नसेल तर 'छोटंसं मेडिकल कॅम्प' हा बेतही सोडून द्या.

पैशांच्या बाबतीत चांगली माणसंही चुकतात. परदेशात जमवलेला निधी या मुलांना सांभाळणाऱ्या इथल्या संस्थेला द्यायचा तर संस्थेची २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी हवी. पैसा आधी त्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं तो दुसरीकडे वळता करायलाही बंदी आहे, त्यामुळे 'ओळखीच्या ट्रस्टमार्फत पाठवू' हा रस्ता बंद. रोख रुपये पाकिटात घालून दिले तरी देणारा परदेशी नागरिक असेल, ओसीआयधारकसुद्धा, तर ते विदेशी अंशदानच ठरतं. दान केलेल्या वस्तूही त्यात येतात. नोटीस येते ती संस्थेला, तोवर तुम्ही घरी पोचलेले असता. निघण्याआधी संस्थेकडून दोन कागद मागून घ्या: एफसीआरएचं चालू प्रमाणपत्र आणि बाल न्याय कायद्याखालची नोंदणी. दुसरा कागद दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर तिथे जाऊ नका.

आता गोळ्या. हा भाग तरुण स्वयंसेवकांना नीट वाचायला लावा. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं, २००४ पासून मोफत आहे. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड आणि लातूरची सरकारी रुग्णालयं इथून ती मिळते. परदेशातून औषधं आणायची नाहीत. मोठ्या मुलांना बहुतेक टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर मिळून दिवसाला एकच गोळी असते. डोल्युटेग्रॅविरचं कॅल्शियम, लोह, जस्त आणि मॅग्नेशियमशी वाकडं आहे. पोटात एकत्र आले की ते एकमेकांना धरून बसतात आणि औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. म्हणजे तुम्ही हौसेनं आणलेल्या मल्टिव्हिटॅमिन गमी आणि पित्तावरच्या चघळायच्या गोळ्या दोन्ही अडचणीच्या. एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची असते. कॅल्शियम किंवा लोह भरपेट जेवणाबरोबर एकत्र चालतं, पित्ताची गोळी (अँटासिड) चालत नाही. खरं तर गमी आणूच नका, त्या पैशांत महिनाभराची अंडी आणि शेंगदाणे येतील.

दुसरी अडचण वेळेची. रात्री आठला गोळी घेणारा मुलगा तुमच्या गाण्यांच्या कार्यक्रमात साडेदहापर्यंत अडकतो. सगळ्यांदेखत डबी काढायला तो लाजतो, आणि गोळी राहून जाते. पावणेआठ ते सव्वाआठ अशी दुधाची सुटी ठेवा, सगळ्यांनाच. पाहुण्यांनीही आपापल्या खोलीत जावं, मागे थांबू नये. सहलीला नेत असाल तर तीन दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्यायला सांगा. डबी खुळखुळते म्हणून मुलं ती घेत नाहीत, तेव्हा आत कापसाचा बोळा घालायला सुचवा. गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्यायची. पुढच्या गोळीला चार तासही उरले नसतील तर चुकलेली सोडून द्यायची, दोन एकदम नाहीत. कुणी घरच्यांबरोबर फडावर जाणार असेल तर एआरटी सेंटरमधून जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिकडच्या सेंटरची चिठ्ठी आधीच घ्यावी लागते. याची आठवण दसऱ्याआधी द्या.

प्रार्थनेबद्दल स्पष्टच बोलायला हवं. 'प्रभूनं तुला बरं केलं' हे ऐकून गोळ्या थांबवल्या की विषाणू काही आठवड्यांत परत वाढतो. पुढे थोड्या गोळ्या घेत, थोड्या सोडत चाललं की औषधाला दाद न देणारा विषाणू उरतो आणि दुसऱ्या फळीची औषधं लागतात. रिपोर्टमध्ये व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) सापडला नाही, हाच चमत्काराचा पुरावा म्हणून साक्षीत सांगितला जातो. पण तो खाली असतो गोळ्यांमुळे. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना जरूर करा. 'विश्वास असेल तर औषध सोड' असं मात्र कुणीही, कुठल्याही शब्दांत म्हणणार नाही, हे प्रत्येक स्वयंसेवकाकडून लिहून, सही घेऊन ठेवा. जो मोडेल त्याला त्याच दिवशी कामावरून काढा, मग तो मंडळीचा खजिनदार का असेना.

छापील टी-शर्ट नकोत. गाडीवर 'एचआयव्ही सेवायात्रा' असा फलक लावून गावात शिरलात तर चहाची टपरी येईपर्यंत सगळ्या वसतिगृहाचं नाव झालेलं असतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार कुणाचंही निदान त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. काळजी-संरक्षणातल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो टाकल्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चेहऱ्यावर इमोजी चिकटवून भागत नाही, मागे शाळेची पाटी दिसते. शिवाय लहानांपैकी काहींना स्वतःचंच निदान माहीत नसतं, गोळ्या 'ताकदीच्या' म्हणून चालू असतात. ते सांगणं समुपदेशकाचं काम. म्हणून आवारात 'एचआयव्ही' शब्द पाहुण्यांच्या तोंडून यायलाच नको. 'आई-बाबा कशानं गेले?' आणि 'पूर्ण नाव काय गं तुझं?' हे दोन्ही प्रश्न गिळा. दुसरा आपण सवयीनं विचारतो, पण आडनावावरून काय काढलं जातं हे समोरच्या पोरीला पक्कं ठाऊक असतं.

मुलांना मिठी मारल्यानं, एका ताटात जेवल्यानं काही होत नाही, हातमोजे घालून फिरणं अपमानाचं आहे. धोका उलटा, तुमच्याकडून त्यांना. खोकला, ताप किंवा घरात कांजिण्या असतील तर त्या व्यक्तीनं येऊ नये. गोवर, कांजिण्या आणि फ्लूच्या लसी निघायच्या महिनाभर आधी तपासा. खेळताना कुणालाही खरचटलं तर रक्त हातमोजे घालूनच पुसायचं, मुलगा कोण हे न बघता. सुई टोचली किंवा रक्त डोळ्यात उडालं तर साबणानं, डोळा असेल तर नुसत्या पाण्यानं धुवा. जखम पिळू नका. लगेच सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, आणि ते २८ दिवस चालतं. माहितीसाठी १०९७ ही हेल्पलाइन आहे.

मग दोन आठवड्यांत करायचं काय? कागद. अठरा पूर्ण झाले की बालगृह सुटतं, पुढे अनुरक्षण गृहाची (बालगृह सुटलेल्या तरुणांच्या निवासाची) सोय साधारण एकविसापर्यंत. तोवर प्रत्येकाची एक फाइल तयार हवी: आधार, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, लागू असेल तर जातीचा, आणि अनाथ प्रमाणपत्र. या शेवटच्या कागदावर महाराष्ट्रात शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे, आणि अनेक मुलांना तेच माहीत नसतं. घोळ दोन ठिकाणी होतो. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव एका वेलांटीनं वेगळं निघतं. आणि आधारला वॉर्डनबाईंचा मोबाइल जोडलेला असतो, मग मुलगा पुण्याला गेला की ओटीपी बाईंच्या फोनवर येत राहतो. अठरा झाले की स्वतःच्या नावाचं सिम, मग आधार केंद्रात नंबर बदल, मग बँक, या क्रमानं चला. आईबाप नसलेल्या घरात थोरलं भावंड बारा ते अठरा वयाचं आणि घर सांभाळणारं असेल तर २०१७ चा कायदा त्याला धाकट्याचा पालक मानतो, शाळाप्रवेश आणि बँक खात्यासाठीसुद्धा. बँकेत हे कुणी मानायला तयार नसतं, तेव्हा कलम ३२ ची छापील प्रत सोबत न्या. फाइलीतल्या कागदांचे फोटो मात्र मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

परतल्यावर फोन करायचा असेल तर एका कुटुंबानं दोनच तरुण घ्यावेत, महिन्यातला एक रविवार ठरवावा, आणि अठराच्या आतल्यांशी बोलणं संस्थेच्याच फोनवर, वॉर्डनना सांगून करावं. वर्षभर जमणार नसेल तर नंबर देऊ नका.