पोगाचारशी बरोबरी करण्याआधी

प्रिय बेटा,

तू पाठवलेली जगातल्या सर्वोत्तम सायकलपटूंची यादी दोनदा वाचली. पोगाचार एक, विंगेगोर दोन, एवेनेपूल तीन, व्हॅन डर पूल चार. खाली तुझं टार्गेट : पावसाळ्याच्या आत एकाहत्तरवरून बासष्ट किलो, आणि त्यासाठी रात्रीची पोळी बंद. यादीवर माझं फारसं भांडण नाही. पोळीवर आहे. पण दोन्हींचं मूळ एकच आहे. रस्ता कोणता, हे न विचारताच तू चौघांना एकाखाली एक लिहून टाकलंस.

एक साधं गणित मांडून बघ. साठ किलोचा रायडर ३६० वॉट (पायांच्या ताकदीचं माप) काढतो, पंच्याहत्तर किलोचा ४१०. चढावर पहिला किलोमागे ६ वॉट देतो आणि दुसरा साडेपाचसुद्धा नाही, म्हणून तो मागे पडतो. आपल्या नागपूरच्या वर्धा रोडच्या सपाटीवर तेच उलटं होतं. तिथे वजन जवळजवळ मोजलंच जात नाही, हवा कापावी लागते, आणि पन्नास वॉट जास्त असलेला माणूस निघून जातो. व्हॅन डर पूलने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीनदा पॅरिस-रूबे, म्हणजे फ्रान्समधली दगडी रस्त्यांवरची एक दिवसाची शर्यत, जिंकली ती याच ताकदीवर. शिवाय सायक्लोक्रॉसमधून, म्हणजे चिखल-मातीतल्या सायकल शर्यतींतून, आलेला सायकलवरचा ताबा. २०२५ला त्याच शर्यतीत पोगाचार पहिल्यांदाच उतरला, बराच वेळ त्याच्या तोडीस तोड चालला, आणि एका वळणावर अंदाज चुकून पडला. तरी दुसरा आला. तू या शर्यतीचा कुठे उल्लेखच केला नाहीस.

विंगेगोरची खरी ताकद बघायची असेल तर २०२२च्या टूरचा, म्हणजे तीन आठवड्यांच्या टूर द फ्रान्सचा, अकरावा टप्पा पूर्ण बघ, नुसते हायलाइट्स नको. आल्प्समधल्या गालिबिए घाटाच्या वाटेवर तो आणि त्याचा संघसहकारी रोग्लिच आळीपाळीने हल्ले करतात, आणि आघाडीवरच्याला मिळणाऱ्या पिवळ्या जर्सीतला पोगाचार प्रत्येक हल्ल्याला स्वतः उत्तर देतो. तेव्हा तो अजिंक्यच वाटतो. पण त्यानंतर ग्रानोनचा चढ येतो, उघडी जर्सी फडफडते, खांदे डोलायला लागतात, आणि शेवटच्या काही किलोमीटरांत जवळपास तीन मिनिटं जातात. तोच पोगाचार, तेच वजन, पण आधीच्या चढांनी त्याला रिकामं केलं होतं. ताज्या पायांनी वीस मिनिटांत किती वॉट निघतात यापेक्षा पाचव्या तासाला किती निघतात, हे मी आधी बघतो. पुढे पोगाचारने नेमकं तेच सुधारलं. २०२४मध्ये जिरो (इटलीची तीन आठवड्यांची शर्यत), टूर आणि विश्वविजेतेपद एकाच वर्षात. याआधी पुरुषांमध्ये हे फक्त मर्क्स आणि रोश या जुन्या दिग्गजांनाच जमलं होतं. झुरिकच्या विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत तर शंभर किलोमीटर बाकी असतानाच त्याने हल्ला केला.

एवेनेपूलबद्दल तू घाई केलीस. लहानखुरं शरीर हवेत इतकं घट्ट दडवणारा दुसरा कोणी मला दिसत नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये टाइम ट्रायल (एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) आणि रोड रेस दोन्हींचं सुवर्ण त्याचंच. तीन आठवड्यांच्या शर्यतीतल्या उंच चढांवर मात्र त्याची अजून खात्री देता येत नाही. २०२४च्या टूरमध्ये तिसरा, २०२५ला तुर्मालेच्या उंच चढावर शर्यत सोडली. २००० सालचा जन्म आहे त्याचा, वेळ आहे. माझा अंदाज विचारशील तर एक दिवसाच्या शर्यतींत तो अजून बरंच काही जिंकेल, टूर मात्र अवघड जाईल.

आता तुझं. उंच आहेस, हाडापेराने मजबूत आहेस, आणि सेमिनरी हिल्सच्या छोट्या चढावर एक-दोन मिनिटं तुला कोणी धरत नाही. नागपूरच्या आसपास घाट नाही. आहे ती लांबच लांब सपाटी, समोरून वारा, आणि मेमध्ये पंचेचाळीस डिग्री. याच शहरातून डॉ. अमित समर्थ तयार झाले आणि २०१७ला त्यांनी रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. इथला रस्ता तुझ्यासारख्या शरीराला शिकवतो तो टिकाव आणि सपाटीवरची ताकद. नऊ किलो उतरवलेस तर आधी तीच जाईल. वर झोप बिघडेल, आजारी पडशील ते वेगळं. वाढीच्या वयात तर हा वजन उतरवण्याचा खेळ अजिबात करू नकोस.

आजचे मोठे संघ लांब शर्यतीत ताशी १०० ते १२० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात घालतात. तुला एकदम तेवढं पचणार नाही, साठपासून सुरू कर. खजूर, केळं, राजगिऱ्याचा लाडू, बाटलीत साखर-मीठ. आणि रात्रीची पोळी आजपासून परत.

येत्या रविवारी पहाटे पाचला अमरावती रोडने निघ, ऊन चढायच्या आत परत ये. पहिल्या तासात वीस मिनिटं जोर लाव, आणि चौथ्या तासात पुन्हा वीस. दोन्ही वेळचे वॉट मला पाठव. मधे काय काय खाल्लंस, तेही लिही.

तुझा,
काका