कॅप बसवण्याआधी

रूट कॅनल झालंय ना, मग कॅप, म्हणजे दातावर बसवायचं टोपण, टाळू नका. दाढ आतून पोखरलेली असते, एखाद्या कडक चकलीनेही उभी चिरू शकते आणि मग बहुतेकदा ती काढण्यावाचून गत्यंतर नसतं. धातूवर पोर्सिलेन चढवलेली कॅप स्वस्त पडते, पण तिचा टवका उडू शकतो आणि हिरडी सरकली की कडेला काळपट रेघ दिसते. मागच्या दाढेत कोण डोकावतंय म्हणा! पुढच्या दाताला मात्र ती नकोच.

कॅपची शेड, म्हणजे रंगाची छटा, दिवसाउजेडी, खिडकीपाशी आणि डॉक्टरांनी कॅपसाठी दात कोरून लहान करायला घेण्याआधीच ठरवायला सांगा. तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात सुकून जास्त पांढरे दिसतात, मग कॅपही शेजाऱ्यांपेक्षा पांढरी येते. लिपस्टिक पुसून जा.

पक्की कॅप तयार होईपर्यंत बसवलेल्या तात्पुरत्या कॅपवर चिक्की नको. पक्की बसवताना निळा कागद चावायला देतात, तेव्हा घाईने ‘ठीक आहे’ म्हणू नका. भूल दिलेली असली तर कॅप उंच लागतेय हे कळतच नाही. घरी जाऊन खटकलं तर लगेच परत जा, घासून देतात.

दादर-पार्ल्याचे दर झेपत नसतील तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल हे पालिकेचं दातांचं रुग्णालय आहे, फक्त फेऱ्यांची तयारी ठेवा. आणि हो, कॅप किडत नाही, पण तिच्या कडेखालचा दात किडतो. तिथे रोज फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, फिरवा.