मित्रांच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये संघ चालवताना सर्वांत जास्त वैताग कशाचा येतो?

तुम्ही विचारले आहे की आयपीएलच्या दिवसांत फँटसी क्रिकेट खेळण्याची सवय असलेल्या माणसाने अमेरिकेतील ऑफिसच्या मित्रांच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये उतरावे का, आणि उतरल्यास त्रास नेमका कशाचा होतो. मी न्यू जर्सीत राहतो आणि बारा जणांच्या अशाच एका लीगमध्ये गेले अनेक हंगाम खेळत आलो आहे. अवश्य उतरा, पण दुखापती आणि नशीब यांपेक्षाही हंगाम अर्ध्यावर सोडून देणारे मित्र अधिक मनस्ताप देतात, हे आधीच सांगून ठेवतो.

फँटसी क्रिकेटमध्ये एका सामन्यापुरता संघ निवडला की त्याच दिवशी हिशेब मिटतो, आणि एकच खेळाडू लाखो लोकांच्या संघांत असू शकतो. येथे हंगामापूर्वी ड्राफ्ट, म्हणजे मालकांनी पाळीपाळीने खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, होतो आणि त्यात प्रत्येक खेळाडू एकाच मालकाच्या वाट्याला येतो. तो तुम्हाला हवा असेल तर त्या मालकाशी, म्हणजे आपल्याच मित्राशी, सौदा करावा लागतो. मेजर लीगमधील, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमधील, 30 संघ प्रत्येकी 162 सामने खेळतात, त्यामुळे मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत जवळजवळ दररोज सामने असतात आणि लाइनअपही, म्हणजे त्या दिवशी खेळवायच्या आपल्या खेळाडूंची यादी, दररोज लावावी लागते. कोणाला विश्रांती दिली आहे हे बहुधा सामन्याच्या काही तास आधीच कळते. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने आमच्याकडे रात्री दहाच्या सुमारास सुरू होतात, तर आठवड्याच्या मधले काही सामने भर दुपारी, ऐन कामाच्या वेळेत असतात. सामना सुरू झाला की खेळाडू लॉक होतो, मग हळहळण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

त्यातच ईआरए नावाचा प्रकार आहे. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, दिलेल्या धावांची (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून) दर नऊ इनिंगमागील सरासरी म्हणजे ईआरए. आमच्याकडे दर आठवड्याला दोन मालकांची लढत असते आणि अशा आकड्यांची तुलना होते. समजा, आठवडाभरात तुमच्या पिचरांनी 50 इनिंगमध्ये 18 धावा दिल्या, ईआरए 3.24 झाला आणि प्रतिस्पर्ध्यापेक्षा तुम्ही पुढे आहात. रविवारी तुमचा एक भरवशाचा पिचर दोन इनिंगमध्ये 7 धावा देऊन बाहेर पडला, तर तोच आकडा 4.33 होतो आणि सहा दिवसांची मेहनत अर्ध्या तासात वाया जाते. त्याला बेंचवर ठेवावे, तर बळी टिपण्याच्या रकान्यात, म्हणजे स्ट्राइकआउटमध्ये, मागे पडण्याची भीती असते. असा रविवार प्रत्येक हंगामात येतोच, आणि त्यावर अचूक उत्तर नाही. तरीही हा त्रास मला मनापासून आवडतो, कारण निर्णय आपला असतो.

दुखापतींचे तसे नाही. 2023 मध्ये अटलांटाच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनियरने 41 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले आणि 73 बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावत पुढचा बेस गाठला. अशी कामगिरी त्यापूर्वी कोणीच केली नव्हती. साहजिकच 2024 च्या असंख्य ड्राफ्टमध्ये पहिली निवड त्याची झाली. 26 मे 2024 रोजी पिट्सबर्गमध्ये बेसवर धावताना त्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि त्याचा हंगाम तेथेच संपला. आमच्या लीगमध्ये तो ज्या मित्राकडे होता, त्याने त्या आठवड्यानंतर ॲप उघडणेच सोडून दिले.

मी ज्या मनस्तापाविषयी म्हणतो आहे, तो येथून सुरू होतो. त्या मित्राच्या संघात जखमी खेळाडू तसेच मैदानावर लावलेले राहिले, उत्तम फलंदाज बेंचवर बसून राहिले. ज्यांचा त्याच्याशी एप्रिलमध्ये मुकाबला झाला होता, ते त्याच्या भरात असलेल्या संघाकडून हरले होते. ज्यांचा जुलैत झाला, त्यांना जवळजवळ फुकटचा विजय मिळाला. आमच्याकडे शेवटचे प्लेऑफ स्थान एका विजयाच्या फरकाने ठरले, आणि ते ज्याचे हुकले तो मुलगा पहाटे उठून वेव्हरवरील, म्हणजे कोणत्याही मालकाकडे नसलेले, मोकळे खेळाडू तपासणारा होता. एकाने हात वर केले की तोटा इतर अकरा जणांना होतो, हे सोडून जाणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. त्याला रागावून बोलावे तर तो म्हणतो, ‘अरे, खेळच तर आहे!’ या वाक्यावर मित्राशी भांडता येत नाही, आणि गप्पही बसवत नाही.

ट्रेडचे, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचे, वादही याच जातीचे असतात. ऑगस्टमध्ये तळाला असलेल्या एकाने आपला सर्वांत चांगला पिचर रूममेटला एका किरकोळ खेळाडूच्या बदल्यात देऊन टाकला. संगनमत सिद्ध करता येत नव्हते आणि निर्णय देणारा कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा मित्र, स्वतःही स्पर्धेत होता. शेवटी व्हेटोसाठी, म्हणजे सौदा रद्द करण्यासाठी, मतदान झाले, तेव्हा ज्यांना त्या पिचरविरुद्ध पुढच्या आठवड्यात खेळायचे होते त्यांनी सौद्याच्या विरोधात मत दिले आणि बाकीचे तटस्थ राहिले. गुणवत्तेवर मत कोणीच दिले नाही. माझ्या मते व्हेटो काढून टाकावा आणि ज्याला लीगमध्ये काहीही जिंकायचे नाही, अशा त्रयस्थाकडे हे अधिकार द्यावेत.

म्हणून होकार देण्यापूर्वी कमिशनरला विचारा की मागील वर्षी सप्टेंबरमध्ये किती जण रोज लाइनअप लावत होते. तळाच्या संघांना शेवटपर्यंत खेळण्याचे काही कारण आहे का, हेही विचारा. आम्ही आता वर्गणीतील एक हिस्सा केवळ ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या कामगिरीसाठी राखून ठेवतो, आणि त्याचा उपयोग झाला आहे. ड्राफ्टची तारीख मात्र हंगामाच्या अगदी तोंडावरचीच ठेवायला लावा. 2023 मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाचा क्लोजर (सामन्याच्या शेवटी आघाडी राखायला येणारा पिचर) एडविन डियाझ 15 मार्चला, वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशांच्या संघांच्या स्पर्धेतील विजय साजरा करताना गुडघा दुखावून बसला आणि वर्षभर खेळू शकला नाही. ज्या लीगचे ड्राफ्ट त्याआधी उरकले होते, तेथे कोणीतरी एक मालक पहिला चेंडू पडण्याआधीच निराश झाला होता.