लीग नेमकी चालवते कोण?

या वेळच्या पत्रांत जर्मनीतल्या बुंडेस्लिगा या फुटबॉल लीगच्या कारभाराविषयीचे प्रश्न बरेच होते. खेळाडू आणि डावपेच बाजूला ठेवून त्यांतले काही इथे घेतले आहेत.

आमच्याकडे लीग के.एस.ए. (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) भरवते आणि पेठांचे, तालमींचे संघ तिच्यात उतरतात. बुंडेस्लिगाही जर्मन फुटबॉल महासंघच भरवतो ना? मग हे ‘डीएफएल’ काय प्रकरण आहे? (कोल्हापूर)

1963 मध्ये बुंडेस्लिगा सुरू झाली तेव्हा ती महासंघच, म्हणजे डीएफबी, चालवत असे. डिसेंबर 2000 मध्ये व्यावसायिक क्लबांनी आपली वेगळी संघटना काढली आणि कारभार तिच्याकडे गेला. आज त्याचे दोन थर आहेत. वर डीएफएल ही नोंदणीकृत संस्था. तिचे सभासद 36: पहिल्या आणि दुसऱ्या विभागातले प्रत्येकी 18 क्लब. खाली तिच्याच शंभर टक्के मालकीची कंपनी. फ्रँकफर्टमधली ही कंपनी प्रक्षेपण हक्क विकते, वेळापत्रक लावते, परवान्याचे कागद तपासते.

आपल्या सहकारी साखर कारखान्याची घडण डोळ्यांपुढे आणली तर हे लवकर समजते. सभासदाची उलाढाल कितीही असो, सर्वसाधारण सभेत मत एकच. बायर्न म्युनिकला एक आणि एल्फर्सबर्गसारख्या छोट्या गावातल्या क्लबालाही एकच. फरक एवढाच, की तिसऱ्या विभागात घसरलेल्या क्लबाचे सभासदत्वही जाते, कारण तिसरी लीग डीएफबीच्या अखत्यारीत आहे.

डीएफबी आणि डीएफएल यांच्यात एक मूलभूत करार आहे. लीग चालवण्याचा हक्क त्यातूनच डीएफएलला मिळतो. मोबदल्यात ती उत्पन्नाचा ठरलेला वाटा देते आणि क्लब आपले खेळाडू राष्ट्रीय संघासाठी सोडतात. म्हणून ‘लीगचे साहेब’ म्हणून जी नावे वृत्तपत्रांत येतात (2023 पासून मार्क लेन्झ आणि स्टेफेन मेर्केल हे दोघे व्यवस्थापकीय संचालक आहेत) ती माणसे क्लबांची नोकर आहेत, मालक नाहीत.

इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. जर्मनीत असे होऊ शकते का? (पुणे)

जागा दुसऱ्या शहराला देऊन टाकणे तिथे शक्य नाही, कारण ती जागा मैदानावर मिळवलेली असते. (खालच्या पायरीवर पळवाट होती. 2009 मध्ये आरबी लाइप्झिगने मार्क्रानश्टेट या क्लबाची पाचव्या विभागातली जागा घेऊनच सुरुवात केली. वरच्या दोन विभागांपर्यंत मात्र त्यांना खेळूनच चढावे लागले.) आपल्याकडे तीच जागा पुण्याहून हैदराबादला आणि 2025 मध्ये हैदराबादहून दिल्लीला गेली.

क्लब पैशांअभावी कोसळणे तिथेही घडते. पण ते सहसा हंगाम सुरू होण्याआधी उघड होते, आणि हे काम परवाना पद्धत करते. लीगच्या हातातले सगळ्यात धारदार हत्यार हेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

परवाना एकाच हंगामाचा असतो. विजेत्यांनाही दर वर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. 15 मार्चपर्यंत कागद जमा करायचे. घसरणीच्या छायेतला क्लब वरच्या आणि खालच्या, दोन्ही विभागांसाठी अर्ज करतो. खेळ, कायदा, कर्मचारी, मैदान, सुरक्षा आणि पैसा अशी तपासणी होते. मैदानाच्या अटी मोजून घेण्यासारख्या आहेत: किमान 15,000 प्रेक्षकांची सोय, पहिल्या विभागात त्यांतल्या किमान 8,000 बसायच्या जागा, हिवाळ्यासाठी हिरवळीखाली तापवणारी नळ्यांची व्यवस्था. शिवाय स्वतःची युवा अकादमी हवीच.

खरी कसोटी पैशांची. बहुतेकांना वाटते की मागच्या वर्षाचा तोटा पाहून निर्णय होतो. ताळेबंद पाहिला जातोच, पण मुख्य प्रश्न वेगळा असतो: पुढच्या हंगामाच्या शेवटच्या दिवसापर्यंत, म्हणजे त्या 30 जूनपर्यंत, या क्लबाची रोकड पुरेल का? समजा, 31 डिसेंबरला क्लबाकडे 60 लाख युरो आहेत. जानेवारी ते जून जमा 2 कोटी, खर्च 2 कोटी 40 लाख. पुढच्या हंगामात जमा साडेचार कोटी, खर्च 5 कोटी. बेरीज-वजाबाकी केली की 30 लाखांची तूट निघते. एप्रिलमध्ये लीग कळवते की ही तूट ठरलेल्या मुदतीत भरली तरच परवाना. भरायची म्हणजे पैसे खात्यात दाखवायचे, बँक हमी द्यायची किंवा खर्च खरोखर कमी करायचा. निर्णय मान्य नसेल तर अपिलासाठी आठवडाभराची मुदत असते. परवाना दिल्यावरही हंगामभर हिशेब पाठवत राहण्याची अट घालता येते, आणि ती मोडली तर दंड होतो किंवा गुण कापले जातात.

चूक नेहमी जमेच्या बाजूला होते. खेळाडू विकून येणारे पैसे करार होण्याआधीच धरले जातात, ते लीग मान्य करत नाही. प्रेक्षकसंख्या फुगवली जाते. सगळ्यात घातक म्हणजे धनिकाच्या तोंडी आश्वासनावर विसंबणे. 2013 मध्ये डुइसबुर्गने दुसऱ्या विभागातली जागा मैदानावर राखली होती, पण परवाना नाकारला गेला आणि त्यांना तिसऱ्या विभागात जावे लागले. त्यांच्या जागी घसरलेला झांडहाउझेन वाचला. 2017 मध्ये 1860 म्युनिक दुसऱ्या विभागातून घसरला. तिसऱ्या विभागाच्या परवान्यासाठी लागणारी रक्कम गुंतवणूकदाराने भरली नाही, म्हणून एकेकाळचा हा बुंडेस्लिगा विजेता थेट चौथ्या विभागात गेला.

टीव्हीचे पैसे कसे वाटतात? बायर्नच सगळे नेतो का? (नाशिक)

सगळे नाही, पण बराच मोठा वाटा नेतो. प्रक्षेपण हक्क कोणताही क्लब स्वतंत्रपणे विकत नाही. 36 जणांचे मिळून एकत्र विकले जातात. 2025-26 पासूनच्या चार हंगामांचे जर्मनीतले हक्क 4.484 अब्ज युरोंना गेले, म्हणजे वर्षाला सरासरी 1.121 अब्ज. ढोबळमानाने त्यातले 80 टक्के पहिल्या विभागाला आणि 20 टक्के दुसऱ्याला मिळतात.

विभागाच्या आतली वाटणी चार कप्प्यांत होते. साधारण निम्मा पैसा सगळ्यांना समान. चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त मैदानावरच्या कामगिरीवर. त्यासाठी मागची पाच वर्षे पाहतात आणि ताज्या हंगामाला सर्वाधिक वजन देतात. उरलेले थोडे टक्के दोन गोष्टींसाठी: जर्मनीत घडलेल्या तरुण खेळाडूंना किती मिनिटे खेळवले, आणि सर्वेक्षणात लोकांनी त्या क्लबात किती रस दाखवला. परदेशातल्या हक्कांचे पैसे वेगळ्या नियमाने वाटले जातात आणि त्यात युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्यांचे पारडे जड असते. पाच वर्षांच्या वजनामुळे नवा क्लब एका चांगल्या हंगामाने श्रीमंत होत नाही आणि जुना एका वाईट हंगामाने कफल्लक होत नाही. स्थैर्य मिळते, पण वरचे वरच राहतात. समान वाटा वाढवायला हवा, हे आमचे स्पष्ट मत.

लिलावही दरवेळी सुरळीत होतो असे नाही. एप्रिल 2024 मध्ये ‘डॅझन’ या प्रक्षेपण कंपनीची बोली बँक हमीच्या मुद्द्यावर फेटाळून हक्कांचे मोठे पॅकेज तिची स्पर्धक ‘स्काय’ला देण्यात आले. डॅझन लवादाकडे गेली, लिलाव थांबला आणि लवादाच्या निर्णयाने त्या पॅकेजची बोली पुन्हा घ्यावी लागली. निकाल डिसेंबरात आला. इतके महिने क्लबांना पुढच्या हंगामाची जमा नक्की माहीत नव्हती. मागच्या उत्तरातली रोकडीची बेरीज अशा वेळी कशी करायची, हा प्रश्न उरतोच.

सामन्यांच्या वेळा उशिरा का ठरतात? भारतात किती वाजता पाहायचे? (डोंबिवली)

कोणत्या आठवड्यात कोण कोणाशी, हे उन्हाळ्यातच जाहीर होते: 34 फेऱ्या, 306 सामने. नेमका वार आणि वेळ मात्र काही फेऱ्यांच्या गटागटाने, नंतर. युरोपीय स्पर्धेत बुधवारी की गुरुवारी खेळायचे हे कळल्याशिवाय शुक्रवार किंवा रविवार ठरवता येत नाही. शिवाय एका शहरात एकाच दिवशी दोन मोठे सामने नकोत, पोलिसांचा बंदोबस्त मिळायला हवा.

नेहमीच्या आठवड्यात शुक्रवारी रात्री साडेआठला एक, शनिवारी दुपारी साडेतीनला पाच, सायंकाळी साडेसहाला एक आणि रविवारी उरलेले सामने होतात. शनिवारचे पाच सामने आपल्याकडे उन्हाळी वेळेत संध्याकाळी 7 ला आणि हिवाळ्यात 8 ला सुरू होतात. ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतली घड्याळे बदलतात, तेव्हा गडबड होते. सोमवारचे सामने चाहत्यांच्या विरोधानंतर 2021 पासून बंद झाले. दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असताना पाचशे किलोमीटर प्रवास कोण करणार?

पंचांची नेमणूक लीग करते का? (नागपूर)

नाही. पंच, व्हिडिओ सहायक आणि शिस्तभंगाची सुनावणी डीएफबीच्या बाजूला आहे. व्हिडिओ केंद्र कोलोनला आहे. पंचावर राग काढायचा तर पत्ता लीगचा नव्हे.

2024 च्या सुरुवातीला प्रेक्षक मैदानात टेनिसचे चेंडू का फेकत होते? (दादर, मुंबई)

डीएफएलला आपल्या प्रक्षेपण व्यवसायातला हिस्सा वीस वर्षांसाठी एका खासगी गुंतवणूक कंपनीला विकायचा होता. मे 2023 मध्ये 12.5 टक्क्यांचा पहिला प्रस्ताव पडला. हवी होती 24 मते, पडली 20. त्याच डिसेंबरात छोटा प्रस्ताव आला: 8 टक्क्यांपर्यंत हिस्सा, सुमारे 1 अब्ज युरो. बाजूने 24, विरुद्ध 10, तटस्थ 2. दोन तृतीयांश बहुमत अगदी काठावर जमले.

आणि इथेच घोळ झाला. जर्मनीत ‘50+1’ नियम आहे. 1998 पासून क्लब आपला फुटबॉल विभाग कंपनी म्हणून वेगळा काढू शकतो, पण त्या कंपनीतली निम्मी मते आणि वर एक, इतकी सत्ता सभासदांच्या मूळ क्लबाकडेच राहिली पाहिजे. बायर्न म्युनिकमध्ये आदिदास, आउडी आणि अलियान्झ यांचा प्रत्येकी 8.33 टक्के हिस्सा आहे, तरी 75 टक्के क्लबाकडेच आहेत. लेवरकुझेन आणि वोल्फ्सबुर्ग हे कंपन्यांनी दीर्घकाळ पोसलेले क्लब अपवाद. हानोफरच्या मूळ क्लबाने आपल्या कंपनीचे प्रमुख मार्टिन किंड यांना विरोधात मत द्यायला सांगितले होते. मतदान गुप्त होते आणि आपण काय केले हे किंड यांनी सांगितले नाही. 24 पैकी एक मत जरी फिरले असते तरी प्रस्ताव पडला असता. सभासदांचा हुकूम डावलला गेला, अशी भावना सगळीकडे पसरली.

चाहत्यांनी चेंडू आणि चॉकलेटची नाणी फेकून एकामागून एक सामने थांबवले. बोली लावणाऱ्या दोघांपैकी ब्लॅकस्टोन आधीच बाहेर पडली, आणि 21 फेब्रुवारी 2024 रोजी डीएफएलने बोलणी थांबवली. पैशांची गरज खोटी होती असे नाही. पण असे मतदान गुप्त ठेवणे ही चूकच.

मी आखेनला शिकतो. क्लबाचा सभासद झालो तर मला खरेच मत मिळते का? (आखेन, जर्मनी)

बहुतेक क्लबांत मिळते. अर्ज भरा, वार्षिक वर्गणी भरा, विद्यार्थी सवलत आहे का ते विचारा. आधी घटनेत दोन गोष्टी वाचा: मताधिकार लगेच मिळतो की काही काळाने, आणि सभेला प्रत्यक्ष हजर राहावे लागते का. ‘समर्थक सभासद’ असा वेगळा वर्ग असेल तर त्याला बहुधा मत नसते. लाइप्झिगमध्ये मताधिकार असलेले सभासद मोजकेच आहेत, तिथे मताची आशा नको.

गोव्यातल्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या क्लबांनी 2016 मध्ये आय-लीग (तेव्हाची देशातली अव्वल लीग) सोडली. जर्मन पद्धत असती तर हे टळले असते का? (मडगाव)

त्यांचा आक्षेप होता तो खालून बढती मिळवून वरच्या लीगमध्ये येण्याचे दार बंद ठेवण्याच्या योजनेला. क्लब हेच लीगचे सभासद असते तर असा प्रस्ताव त्यांच्याच सभेत आला असता आणि त्यांना त्यावर मत देता आले असते. इथे उलटे घडले. 2010 मध्ये भारतीय महासंघाने व्यावसायिक हक्क 15 वर्षांसाठी, 700 कोटी रुपयांना, एका कंपनीला दिले. 2014 मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग त्यातूनच आली. करार 8 डिसेंबर 2025 ला संपणार होता, नवा तयार नव्हता, म्हणून त्या वर्षीच्या जुलैत हंगाम लांबणीवर टाकला गेला. नोव्हेंबरात निविदेला एकही बोली आली नाही.

पण क्लबांना मते दिली की सगळे सुटेल, असे आम्हाला वाटत नाही. वाटायला टीव्हीचा पैसा नसेल तर सभेत फक्त तोटा वाटला जाईल. उचलायचीच असेल तर आधी रोकडीची चाचणी उचलावी. आशियाई महासंघाच्या नियमांवर बेतलेली परवाना पद्धत आपल्याकडे आहेच. तिच्यात पुढच्या हंगामाच्या शेवटापर्यंतचा जमाखर्च, आणि तूट निघाली तर बँक हमी, एवढी अट कठोरपणे लावायला प्रक्षेपक लागत नाही, लेखापरीक्षक पुरतो. 2023-24 मध्ये हैदराबादचे खेळाडू थकलेल्या पगारामुळे हंगामाच्या मध्येच क्लब सोडून गेले. असा हिशेब आधीच्या वसंतातच मागितला असता, तर तूट तेव्हाच कागदावर दिसली असती.