आधी गाडीत बस

प्रिय,

तुझी मेल दोनदा वाचली. रिव्ह्यूत सगळ्यांनी वाखाणलेला स्क्रीन चाचणीच्या गाडीत ड्रायव्हरला वापरताच येईना. आता रंग बदलू, आयकॉन मोठे करू की मेनूच नव्याने मांडू, असं विचारतेस. यातलं काहीही आत्ता करू नकोस. आधी गाडीत बस.

टेबलावर तुझे हात मोकळे असतात, डोळेही मोकळे. ताशी 80 च्या वेगात गाडी दोन सेकंदांत 44 मीटर जाते. 2022 मध्ये स्वीडनच्या वी बिलागारे मासिकाने ताशी 110 ला चार साधी कामं करून बघितली, ड्रायव्हरना आधी सरावाला वेळ देऊन. 2005 ची बटणांची व्होल्वो दहा सेकंदांत मोकळी झाली. सगळ्यांत मागे राहिलेल्या टचस्क्रीनवाल्या गाडीला 44.9 सेकंद लागले. तेवढ्यात ती 1372 मीटर गेली. तुमच्या रिव्ह्यूत कुणी सेकंद मोजले होते का?

मीही मोजले नव्हते. काचेवरची वाफ घालवायचं बटण मी डॅशबोर्डवरून काढून एसीच्या मेनूत, दुसऱ्या पानावर टाकलं होतं. डॅशबोर्ड किती सुटसुटीत दिसायचा! जुलैत ताम्हिणी घाटात चाचणी होती, मी मागच्या सीटवर. बाहेर धो धो पाऊस, आत चौघांचे ओले कपडे. बघता बघता काच पांढरी झाली. ड्रायव्हरदादांनी स्क्रीनकडे बोट नेलं, गाडी खड्ड्यात आपटली, बोट भलतीकडे पडलं आणि गाणं सुरू झालं. त्यांनी परत प्रयत्नच केला नाही. दाराच्या कप्प्यातलं पिवळं फडकं काढलं आणि एका हाताने काच पुसत पुढचं वळण घेतलं. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

तुझे मॅनेजर म्हणतात, गाडी विकल्यावरही अपडेट पाठवता येतो. येतो ना! पण डॅशबोर्डचा साचा पक्का झाल्यावर बटणाला जागा कुठून आणणार? कुठलं काम बटणावर आणि कुठलं स्क्रीनवर, हे साचा बनायच्या आधी ठरलं पाहिजे. ते मीटिंगमध्ये ठरत नाही गं, त्यासाठी गाडीतच बसावं लागतं. पहिल्या आठवड्यात उभ्या गाडीत, पुठ्ठ्याचा स्क्रीन लावून. मग सिम्युलेटरवर. मग बंद ट्रॅकवर, शेजारी एक जण सेकंद मोजायला.

ऑफिसात मला आडमुठी म्हणतात. दोन प्रोजेक्टवर मी सही केली नाही. एक माझ्याशिवाय पुढे गेलं, त्याबरोबर माझी बढतीही गेली. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण ते पिवळं फडकं बघितल्यावर मी सही कशी करणार होते, तूच सांग.

शनिवारी सकाळी सात वाजता ये. स्क्रीन खऱ्या मापात छापून आण. पुठ्ठा आणि टेप माझ्या गाडीत आहे.